मेंढीच्या वर्षाचा पट्टा

६ जानेवारी

माझी पेटी कुणीतरी उघडली आहे.

कुलूप जागच्या जागी. पण झाकणाच्या फटीत मी एक पिवळा धागा अडकवून ठेवतो, तो तुटलेला. गेलं काहीच नाही. साबण आहे, गावचे दोन फोटो आहेत, सिगरेटचं पाकीट आहे. ओळखपत्रही आहे — पण ते उताणं होतं. मी नेहमी पालथं ठेवतो, फोटो खाली.

खोलीत आम्ही आठ जण. माझ्या खालच्या खाटेवर फंगदादा. आंघोळीला जाताना मी किल्ली खुंटीवर टांगतो हे त्यालाच माहीत.

ही वही शर्टाच्या आत पोटाशी असते. ती कुणाला मिळायची नाही.

७ जानेवारी

सिंहाचं काम सुरू केलं. अठराला जुन्या पंचांगाप्रमाणे वर्षअखेरचं जेवण, मालक स्वतः येणार, प्रत्येक खात्याने काहीतरी करून दाखवायचं. आमच्या खात्याचा सिंहनाच. सोंगाच्या दुकानात गेलो तर आमची वर्गणी ऐकून दुकानदार म्हणाला, "एवढ्यात कान येतील. एकच."

मग म्हटलं मी शिवतो. खेळण्यांच्या कारखान्यात काय कमी आहे? अस्वलांचं पिवळं केसाळ कापड, सशांचं पांढरं — गोण्या भरभरून कातरण कचऱ्यात जातं. मुकादम हौने चिठ्ठी लिहून दिली. पिवळं घ्या, पांढरं घ्या. लाल मखमलीला हात लावायचा नाही. ती नाताळच्या म्हाताऱ्याच्या टोप्यांची, परदेशातल्या गिऱ्हाइकाची, तिची चिंधीसुद्धा परत जाते. फाटकावर झडती असतेच.

फंगदादाने बांबूच्या कामट्या बांधून डोकं उभं केलं. मी कापड चढवलं. तोंड त्याने शिवलं. कारखान्यात त्याचं कामच ते — अस्वलांची नाकंतोंडं. डावखुरा आहे, टाके सगळ्यांच्या उलट्या बाजूला कलतात. कापूस भरणारी ह्वेझन वहिनी बघायला आली. (सगळ्यांची वहिनी, पण नवरा कुणी पाहिलेला नाही.) म्हणाली, "फंग, हा सिंह आहे की बाळंतीण अस्वल?"

"पोट भरलेला सिंह आहे. म्हणून हसतोय."

नाचात डोकं मी, मागचं धड आणि शेपूट फंगदादा. तो बसक्या चालीत वाकणार, माझी कंबर धरून मला उचलणार.

दोरा ओवता ओवता त्याने सहज विचारलं, "काय रे याओझू, तुझं वर्ष मेंढीचं ना?"

हो म्हणालो. पण जरा उशिरा. आधी मनात बारा जनावरांची बारा जन्मवर्षं मोजली. त्याला दिसलं असेल का?

८ जानेवारी

फंगदादाचे गुडघे दुखतात. अस्वलाच्या कातरणाच्या गुडघेपट्ट्या शिवायला घेतल्या, आत कापूस. जेवणाच्या दिवशी देईन. खोलीतल्या बाकीच्यांना कान झाकायच्या पट्ट्या झाल्यात, सशाच्या. सुट्टीला गावी जातील, तिथे थंडी आहे.

९ जानेवारी

आज लिहूनच टाकतो. लिहिलं की डोकं हलकं होतं.

मी याओझू नाही. याओझू माझा मोठा भाऊ. मी दुसरा, एकच मूल या सरकारी नियमाबाहेरचा. बापाकडे दंड भरायला नव्हतं, म्हणून माझी नोंदच झाली नाही. शाळेत दोन वर्षं मागच्या बाकावर फुकट बसू दिलं, मग तेही नाही. लिहायला दादानेच शिकवलं. तो कोळशाच्या खाणीत गेला आणि खाणीतच राहिला. बापाने मृत्यू कळवला नाही. त्याला घरामागे पुरलं आणि त्याचं ओळखपत्र माझ्या हातात दिलं. म्हणाला, जा, एक तरी जगू दे.

दादा मेंढीच्या वर्षातला. मी उंदराच्या.

मागच्या उन्हाळ्यात जेवणघरात सगळे आपापलं वर्ष सांगत होते. तोंडात भात होता, बेसावध होतो, उंदीर म्हणून गेलो. मग म्हटलं गंमत केली. सगळे हसले. फंगदादा समोरच बसला होता. तो हसला की नाही ते आठवत नाही.

पलीकडच्या बुटांच्या कारखान्यात गेल्या महिन्यात उसन्या ओळखपत्रावरचा एक जण सापडला. पोलिसांनी सरळ गावी पाठवला. माझं तसं झालं तर मागे बापही अडकेल. आणि दादा कागदावरही मरेल.

१० जानेवारी

मागच्या अंगणात तालीम. मी कमरेला सुतळी बांधली होती. फंगदादाने धरून उचललं आणि सुतळी तुटली. दोघं आपटलो.

"असल्या सुतळीवर मी तुला उचलू? कोंबडी बांधायची दोरी ही!"

मग माझ्या कमरेभोवती वितीने माप घेतलं. सावकाश. एकदा, पुन्हा एकदा. झडती घेतात तसं वाटलं.

पण खरी गोष्ट पुढेच. डोकं उतरवून घाम पुसत होतो. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "फोटोत तुझे कान मोठे दिसतात बरं. इथे आटले वाटतं."

कुठल्या फोटोत? कारखान्याच्या बिल्ल्यावरचा फोटो माझाच आहे, इथेच काढलेला. मोठे कान दादाचे. ते फक्त ओळखपत्रावर आहेत.

म्हणजे पेटी त्यानेच उघडली.

 सिंहाचं डोकं परत चढवलं. आत अंधार असतो, तोंड कुणाला दिसत नाही. पण कमरेवर त्याचे हात. तो मागे आणि मला मागचं दिसत नाही.

११ जानेवारी

दिवसभर नीट वागला. वाडग्यातला मांसाचा तुकडा माझ्या वाडग्यात टाकला. का?

१२ जानेवारी

ह्वेझन वहिनी आणि फंगदादा जिन्याखाली कुजबुजत होते. मी गेलो तशी दोघं गप्प. वहिनीने काहीतरी लाल पटकन अंगरख्यात कोंबलं. मखमल! मी ओळखतो, रोज बघतो.

"काय रे, पाळत ठेवतोस काय?" वहिनी म्हणाली. हसली पण लाल झाली.

"मीठ आणायला आलो होतो."

"जिन्याखाली मीठ?"

फंगदादा हसला नाही.

जेवणानंतर तो मुकादमाबरोबर फाटकापाशी सिगरेट ओढत उभा होता. मुकादम एकदा वळून माझ्याकडे बघून गेला. मुकादम कधी कुणाबरोबर सिगरेट ओढत नाही.

आता सगळं जुळतं. यांना चोरीला मोकळीक हवी. बदल्यात फंगदादा मुकादमाला काय देणार? माझ्याशिवाय त्याच्याकडे द्यायला आहे काय?

१३ जानेवारी

मुकादमाने आज दोनदा मला पूर्ण नावाने हाक मारली. लुओ याओझू. एरवी प्रांतावरून "ए क्वेचौवाल्या" म्हणतो.

१४ जानेवारी

सांगून आलो.

माझ्याबद्दल तो बोलायच्या आत मी त्याच्याबद्दल बोललो, एवढंच. मुकादम मशीनला तेल घालत होता. सकाळी खाटेवरून उतरताना फंगदादाच्या गादीखालून लाल टोक दिसलं होतं. म्हटलं, फंगच्या गादीखाली बघा. लाल आहे.

मुकादमाने तेलाचा डबा खाली ठेवला. "तू त्याचा जोडीदार ना? सिंहातला?"

हो म्हणालो.

"बरं," म्हणाला. आणि परत तेल घालायला लागला. त्याने माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. मग मला पूर्ण नावाने हाका कशाला मारत होता?

संध्याकाळी समजलं. जेवणाच्या कार्यक्रमाची यादी भिंतीवर लागली आहे. सिंहाचं डोकं — लुओ याओझू. नाव नीट लिहायचं म्हणून विचारत होता.

पण पेटी उघडली हे तर खरंच. कान हे तर खरंच.

१५ जानेवारी

सकाळी झडती. आठही खाटा उलट्या केल्या, कुणी सांगितलं ते कळू नये म्हणून. फंगदादाच्या गादीखाली हातभर लाल मखमल निघाली, कडा कापलेल्या. आणि लाल दोऱ्याची रीळ.

मुकादम म्हणाला, "कशाला हवी होती?"

"बायकोला."

 बायको सहा वर्षांपूर्वी निघून गेली हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे.

"आणून कुणी दिली? तुझ्या खात्यात लाल येत नाही."

"मीच उचलली."

दुपारच्या आत बाहेर. त्याने एक गोणी आणि एक तसराळं उचललं, बाकी काही नव्हतंच. दारात सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलेल. आता.

म्हणाला, "उडी मारताना खाली बघू नकोस, डोकं वाकडं दिसतं. शेपटाला कोण येईल त्याला सांग, हात सोडायचा नाही." मग गुडघ्यावर थाप मारली. "चला, हे वाचले."

गुडघेपट्ट्या पेटीत तयार होत्या. पाच पावलांवर. दिल्या नाहीत.

आता कुणी पेटी उघडणार नाही. धागा अडकवायची गरज नाही. तरी अडकवला.

१६ जानेवारी

शेपटाला पॅकिंगमधला जाडा त्सुई. लाडूसारखा माणूस, वाकतो तेव्हा धापा टाकतो. त्याचा हात घामाने बुळबुळीत. फंगदादाचे हात कोरडे असायचे.

१८ जानेवारी

जेवण झालं. नाच झाला. पडलो.

आमची पाळी येण्याआधी ह्वेझन वहिनी कापडामागे आली. तीन दिवस ती कुणाशीच बोलली नव्हती. "हात वर कर," म्हणाली आणि माझ्या कमरेला लाल मखमलीचा पट्टा बांधला. चार बोटं रुंद, दुहेरी, माप अगदी बरोबर. "फंगने शिवलाय. रोज काम संपल्यावर माझ्याकडे ठेवायचा, म्हणून झडतीत सापडला नाही. सापडलं ते उरलेलं कापड."

मी म्हटलं, कशाला?

"कशाला म्हणजे! येतं वर्ष मेंढीचं. तुझंच वर्ष, चोविसावं. स्वतःचं वर्ष फिरून आलं की माणसावर अरिष्ट असतं, लाल अंगावर हवं. आणि ते आपलं आपण घ्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यायचं. तुझं इथे आहे कोण?"

मी पट्ट्याची कड चाचपली.

"मखमल मी उचलली होती, कातरणाच्या गोणीतून. माझं नाव घेतलं असतं तर त्याच्याबरोबर मीही रस्त्यावर. घेतलं नाही. बायकोला म्हणे! बावळट."

"आणि माझी पेटी..."

"कळलं होतं तुला? मीच सांगितलं त्याला, वर्ष नीट बघून घे. ते पोरगं विचारलं की गप्प बसतं. चुकीच्या वर्षाचा पट्टा बांधला तर अरिष्ट टळायचं राहिलं, उलट घरी बोलावल्यासारखं होतं." मग गाठ आवळत म्हणाली, "चहाडी कुणी केली ते एकदा कळू दे. त्याच्या डोळ्यात सुई घालीन."

मी मान हलवली.

ढोल वाजला. पहिल्या दोन उड्या बऱ्या झाल्या. तिसरी बाकावरून, वर टांगलेली कोबीची पानं तोंडात धरायची. पट्टा तुटला नाही. त्सुईचा हात सुटला. आम्ही मालकाच्या टेबलासमोर पडलो आणि सिंहाचं डोकं घरंगळत गेलं. लोक खूप हसले, त्यांना वाटलं असंच बसवलंय. मालकाने बक्षिसाच्या पैशांचं लाल पाकीट दिलं. सिंहाचं तोंड तसंच हसत होतं, अस्वलासारखं.

१९ जानेवारी

त्याला काहीच माहीत नव्हतं. कान म्हणाला ते नुसतं चेष्टेने. वर्ष विचारलं ते पट्ट्यासाठी. विती मोजल्या त्या पट्ट्यासाठी. मुकादमाबरोबर सिगरेट — मुकादमाने सांगितलं, त्याला विचारत होता की सिंहाला बाक किती उंच ठेवू, लुओ याओझू पडणार तर नाही.

एका साध्या माणसाला मी घालवलं. कारण मी साधा नाही.

आणि पट्टा मेंढीचा. माझा नाहीच. दादाचा आहे. तो असता तर यंदा चोवीस. मी तो काढून पेटीत ठेवला. उद्या गावी नेईन आणि घरामागे दादापाशी पुरीन. ज्याचं त्याला.

ह्वेझन वहिनी म्हणाली, फंग चुंगशानला गेला असेल, तिथे त्याच्या गावचे लोक दिव्यांच्या कारखान्यात आहेत. नक्की माहीत नाही.

२० जानेवारी

बांधाबांध करताना पट्ट्यावर सांडलेला रस्सा पुसायला तो उलटा केला. आतल्या बाजूने, पोटाशी येतं तिथे, लाल कापडावर लाल दोऱ्याने एक मेंढी काढली आहे. तिच्या शेजारी, तिला टेकून, एक उंदीर. टाके उलटे कललेले. उंदराचं नाक अस्वलाचं.

पट्टा बांधला. गावचं तिकीट परत केलं. चुंगशानची बस सहाला सुटते. गुडघेपट्ट्या घेतल्यात.