वही बंद केल्याचा खुलासा

आदिलाबाद,
२६ ऑगस्ट

तीर्थस्वरूप चंपत मामांस, भाचा हर्षदीपचा सविनय जयभीम.

तुमची साखर आणि पंचफुला मामींचा दमा आटोक्यात असेल, अशी आशा आहे. फोन सोडून पत्र काऊन, असं वाटेल. फोनवर तुमी मधात "बरं, बरं" करता आणि माझं मुख्य बोलणं राहून जाते, म्हणून.

आमच्या सिकलसेल तपासणी केंद्रात मी कॉम्प्युटरवर बसतो, हे तुमी बेल्यात गावभर सांगता. (साहेब आहे असं सांगता, ते सोडून द्या.) जून महिन्यात मी मीटिंगमधे उभं राहून जाहीर केलं की रोग्यांच्या नोंदी हातानं लिहायची वही आजपासून बंद. आमच्या डॉक्टर सुवर्णा मॅडम म्हणाल्या, "दोन्ही चालू ठेव ना." मी म्हटलं, "मॅडम, दुप्पट मेहनत काऊन?" टाळ्या वाजल्या. वाजवणारे तिघंच होते, पण मला तेवढ्या पुरल्या.

मागच्या सोमवारी जैनथची गयाबाई पोरीचा रिपोर्ट मागाले आली. मशीनमधे नावच नाही. मी वरच्या आवाजात म्हटलं, "दुसरीकडं तपासलं असंल." ती म्हणाली, "बाबू, तूच तं बोट टोचलं व्हतं तिचं." मी पुन्हा शोधलं. नाही.

मग प्रोग्राम बसवून देणाऱ्या गोपालला हैदराबादला फोन केला. तो म्हणाला, "भैया, टेन्शन नक्को, डेटाबेसकोच पूछो," आणि सहा ओळी पाठवल्या. त्याला क्वेरी म्हणतात. एक ओळ टाका, मशीन एक उत्तर देते; आपल्या तहसीलच्या पेशकार बाबूसारखं, विचारलं तेवढंच. पहिल्या ओळीत व्हर्जन कळलं (जुनं). दुसरीत सगळा डेटा कोणत्या ड्राइव्हवर ठेवला आहे ते कळलं. देणगीतून आलेली मोठी डिस्क रिकामी पडून होती आणि डेटा लहानीवर. तिसरीत एकूण आकार, म्हणजे लहानी डिस्क काठोकाठ भरलेली. चौथीत कोणत्या तक्त्यानं किती जागा खाल्ली ते. मामा, तीन हजार रोगी मिळून अकरा एमबी. आणि आमच्यापैकी कोणी केव्हा कोणतं पान उघडलं, त्याची नोंद शेहेचाळीस जीबी! पाचवी ओळ सेटिंग्जची: ही नोंद किती दिवसांनी पुसायची? उत्तर: कधीच नाही. मी हसलो, खरं सांगतो.

सहावी ओळ होती, रोग्याची शेवटची नोंद कोणत्या तारखेची. ४ ऑगस्ट. त्या दिवशी डिस्क भरली. पुढं मी रोज टाइप करत होतो, आणि काहीच आत जात नव्हतं, तरी पडद्यावर हिरव्या अक्षरात "जतन झालं" येत होतं. गोपालला विचारलं तर म्हणे, एरर दिसला की लोक घाबरतात, म्हणून बंद करून ठेवला. जागा त्यानं दहा मिनिटांत मोकळी केली. जे आतच गेलं नाही, ते कुठून काढणार? नमुन्याच्या नळ्या तर तपासणी झाली की जाळून टाकतो.

मॅडम रागावल्या नाहीत. कपाटातून वही काढून माझ्यापुढं सरकवली, म्हणाल्या, "लिही, ४ तारखेपासूनचे कोणकोण आठवते." मी अर्धा तास बसलो. पाच नावं आठवली. मामा, लोकांचं रक्त घेऊन राह्यलो होतो आणि तोंडाकडं पाहत नव्हतो.

मामींना जयभीम.

तुमचा,
हर्षदीप

ता.क. मुख्य काम हे. ११ ऑगस्टच्या बेल्याच्या शिबिराचा हजेरीचा कागद सापडला, सोबत जोडला आहे. एकतीस नावं आहेत, निकाल नाहीत. त्या दिवशी चार नमुने गढूळ आले होते, म्हणजे दोष निघाला होता. कोणाचे, ते आठवत नाही. तुमी मोटारसायकल काढून एकतीसही घरी जा. पुन्हा तपासाले या म्हणा. चूक कोणाची विचारलं तर माझं नाव घ्या.

ता.क. दुसरा. सतरावं नाव तुमच्या नातीचं, आपल्या अर्पिताचं आहे. शिबिरानंतर तुमी फोनवर विचारलं, "पोरीचं काही निघालं नाही ना?" मी मशीन न उघडताच "काही नाही" म्हटलं. मला माहीत नाही, मामा. या रोगात सांधे खरंच दुखतात; गुडघे दुखतात म्हणून ती शाळेत जात नसेल आणि तुमी सोंग समजून रागावत असाल, तर आजपासून रागावू नका. तिला उद्याच्या पहिल्या बसनं घेऊन या.