फ्रिजला ऊब देण्याविषयी

२ डिसेंबर १९६६, शुक्रवार
नवी वही. रोजनिशी हा रिकामटेकड्यांचा उद्योग, पण मी निवृत्त आहे, रिकामटेकडा नाही. रेल्वेत बत्तीस वर्षं काढली, शेवटची अकरा ट्रेन लायटिंग फोरमन म्हणून. डब्यातल्या दिव्यांच्या बाबतीत पुण्यापासून कर्जतपर्यंत शेवटचा शब्द माझा.
आज मेहेरजीशेठ कुंपणापाशी भेटले. वराळ्याला सरबत-मुरंब्याची फॅक्टरी काढतायत. म्हणाले, मशिनं मिळतात, भरवशाचा सुपरवायझर मिळत नाही. हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. शेजारी भिकाजीपंत उभे होते, पण त्यांच्याकडे कोण बघतं? जन्म गेला गुड्स ऑफिसात पावत्या फाडण्यात.
म्हणजे मी ठरलोच. आता फक्त शेठना तसं वाटायचं बाकी आहे.

३ डिसेंबर
शेठना २६ जानेवारीला चहाला बोलावलं. चहा अर्थात नाहीच. बोरांची वाईन देणार, स्वतः केलेली. शेठकडे दारूचं परमिट आहे आणि पिण्यासारखं काही मिळत नाही अशी त्यांची कायमची तक्रार. एक घोट घेतला की फॅक्टरीची किल्ली माझ्या हातात.
ही म्हणाली, दारूबंदी आहे. म्हटलं, हे औषध आहे. या वहीतही यापुढे औषधच लिहायचं.

५ डिसेंबर
शेठच्या बंगल्यातला जुना फ्रिज हातगाडीवरून आला. मशीन जळलेलं, म्हणून त्यांनी काढून टाकला. ही हुरळली. निदान मुंग्यांपासून दूध-दही वाचेल म्हणाली. तिला समजावलं की हा आता फ्रिज नाही, आंबवण्याचं कपाट आहे. औषध सतत पंचाहत्तर डिग्री फॅरनहाइटला राहायला हवं, असं मी मागवलेल्या इंग्रजी पुस्तकात स्पष्ट आहे. लोणावळ्यात सकाळी पारा पन्नासवर असतो. जाड भिंतींचा डबा घ्यायचा, आत ऊब ठेवायची, बास. इतकी साधी गोष्ट इथे कुणाला सुचली नाही याचं मला नवल वाटत नाही.
कामवाली शकुबाई दारावर हात ठेवून बघत उभी राहिली. बिचारीनं जन्मात फ्रिज पाहिला नसावा.

८ डिसेंबर
बेडशाची बोरंवाली हिरी तीन पाट्या बोरं घेऊन आली. इतकी बोरं कोन खानार आबा, असं विचारत होती. एक पाटी बरणीत गेली, साखर आणि बेकरीतलं यीस्ट घालून. उरलेली बोरं हिने मागितली. दिली. बायकांना काहीतरी चाळा लागतो.

९ डिसेंबर, सकाळी ७
ऊब, प्रयोग पहिला. फ्रिजमध्ये बरणीशेजारी कंदील पेटवून दार लावलं. तासाने उघडलं तर विझलेला. चार वेळा पेटवला, चार वेळा विझला. रॉकेलमध्ये पाणी. दुकानदाराला सर्वांदेखत सुनावलं. आत हवा कुठून जाणार, असं हिने मध्येच विचारलं. दुर्लक्ष केलं.
औषधाला किंचित रॉकेलचा वास. उडून जाईल.

१२ डिसेंबर
सुचलं! फ्रिजच्या आत मूळचाच होल्डर आहे, वायर शाबूत. पंचवीसचा बल्ब बसवला, प्लग लावला, लख्ख उजेड! आयुष्यभर ज्या विषयाचा मी बादशहा, तोच कामी आला. दाराच्या चौकटीत एक छोटं बटण आहे, दार आपटू नये म्हणून बसवलेलं. विलायती लोक बारीकसारीक गोष्टींची किती काळजी घेतात! आपल्याकडे दारंच धड लागत नाहीत.

१३ डिसेंबर, सकाळी ७
दार उघडलं. बल्ब झकास चालू. तापमान बावन्न. पंचवीस कमी पडतोय. चाळीसचा बसवला.

१५ डिसेंबर
बल्ब चालू. बावन्न. साठचा बसवला.

१८ डिसेंबर
शंभरचा. दार उघडलं की डोळे दिपतात. तापमान एक्कावन्न. बल्बला हात लावून पाहिला, गार. रात्रभर जळूनही गार! आजकाल बल्बमध्येसुद्धा भेसळ. आमच्या वेळी असला माल डब्यात चढू दिला नसता.

१९ डिसेंबर
शकुबाई भांडी घासता घासता म्हणाली की दार लावलं की दिवा जातूय आबा. विचारलं, मग उघडल्यावर कोण लावतं, तू? ती परत भांड्यांकडे वळली. विजेचं शास्त्र तिला समजावत बसलो असतो तर भांडी तशीच राहिली असती.

२४ डिसेंबर
पुस्तकाप्रमाणे एव्हाना बुडबुडे यायला हवेत. एक नाही. थर्मामीटर खोटा असावा म्हणून दुसरा आणला. तोही एक्कावन्नच दाखवतो. दोघेही खोटे.

१ जानेवारी १९६७
संकल्प. एक, कुणावर ओरडायचं नाही. दोन, दार दिवसातून दोनदाच उघडायचं. तीन, भिकाजीपंतांना तुच्छ लेखायचं नाही, कारण पुढे त्यांना हाताखाली घ्यावं लागेल.

३ जानेवारी
दार एकोणीस वेळा उघडलं. पण त्यातून शोध लागला! जितकं जास्त उघडावं तितकं आत गरम. दुपारी दार सताड उघडं टाकून समोर तीन तास बसलो, पारा पासष्ट. पुस्तक लिहिणाऱ्याला याचा पत्ता नाही. इंग्रजीत लेख लिहिणार. तीन-चार बुडबुडेही आले. मग जेवायला गेलो, दार लावून. परत आलो तर सगळं थंड.
ही म्हणाली, शकू म्हणते त्याचा एकदा विचार करा. म्हटलं, रेल्वेने बत्तीस वर्षं शकूला विचारून दिवे लावले नाहीत.

१४ जानेवारी
संक्रांत. सगळ्यांशी गोड बोललो. फक्त हिच्यावर, शकुबाईवर आणि पोस्टमनवर ओरडलो. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. हिने दोन पाट्या बोरांचा मुरंबा आणि सरबत करून फडताळं भरलीत. एका घरात एक शास्त्रीय प्रयोग चालू असताना हा पसारा!

२२ जानेवारी
दार न उघडता तापमान कळावं म्हणून दाराला भोक पाडलं. डोळा लावला. आत अंधार. दार उघडलं, उजेड. लावलं, अंधार. भोक लहान असल्याने उजेड बाहेर येत नसणार. मोठं केलं, आता दोन बोटं जातात. अंधार.
डोळ्यांचा नंबर वाढलेला दिसतो. पुण्याला जाऊन दाखवायला हवं.
दुपारी झोप लागली नाही.

२६ जानेवारी, गुरुवार
झेंडावंदन झाल्यावर शेठ आले. भिकाजीपंत न बोलावता आले. ग्लासात औषध दिलं. शेठ घोट घेऊन म्हणाले, बोरांचं गोड पाणी छान आहे, थोडा रॉकेलचा वास आहे इतकंच. मी थंडीचं कारण सांगितलं. शंभरचा बल्ब लावूनही आत ऊब टिकत नाही, बल्बचा माल खराब, असं म्हणून दार उघडून दाखवलं.
शकुबाई ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे हिच्याकडे दिला, पुढे होऊन चौकटीतल्या बटणावर बोट दाबलं. दिवा गेला. बोट काढलं, आला. परत दाबलं, गेला.
शेठ म्हणाले, या बाईनं अकरा वर्षं हाच फ्रिज पुसलाय. ती सकाळी त्यांच्या बंगल्यावर कामाला असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही म्हणाली, दोनदा सांगितलं होतं. भिकाजीपंत खाली बघत होते. हसले असते तर बरं झालं असतं. बत्तीस वर्षं दिव्यांत काढली आणि दार लावल्यावर दिवा जातो हे मला कळलं नाही. लाज वाटली. इथे लिहितो कारण ही वही कुणी वाचत नाही.
मग सगळे पुरी-मुरंबा खायला बसले. शेठनी मुरंबा तीनदा मागून घेतला. पाक किती तारी, बोरं कशी निवडली, बरणी कशाने पुसली, एकेक विचारत होते. ही सांगत होती आणि शकुबाई मधूनमधून भर घालत होती. मी औषधाची बरणी धरून उभा होतो. ती कुठे ठेवावी हे मला कुणी सांगितलं नाही.

२८ जानेवारी
शेठचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. पाकिटावर सौ. लीलाबाई, म्हणजे हिचं नाव. चूक असणार म्हणून मी उघडली. चूक नव्हती. वराळ्याच्या फॅक्टरीत सुपरवायझर, बायका निवडायला आणि शिकवायलाही. मदतीला शकुबाई, मुकादम म्हणून. हिला म्हटलं, विचार करून सांगतो. ही म्हणाली, शेठनी काल शकूकडून विचारलं होतं, मी कालच होकार कळवलाय.

६ फेब्रुवारी, सोमवार
दोघी सकाळी साडेसातच्या गाडीने तळेगावला गेल्या. तिथून वराळे. मी स्टेशनपर्यंत डबा घेऊन गेलो. गाडीच्या डब्यातला एक दिवा बंद होता, तो मीच आधी पाहिला. हिला सांगितलं. ही म्हणाली, नऊला दूध तापवा आणि तिथेच उभे राहा.
उभं राहण्याची गरज नव्हती. दुधाला आच किती हे मला चांगलं कळतं. पेपर उघडला. दूध उतू गेलं, खाली सांडून पार अंगणापर्यंत ओघळलं. शेगडीत दोष आहे.
ओरडायला घरात कुणी नव्हतं.