मागचा नांगर

प्रिय निकेश,

फोनवर माझा आवाज चढला की तुझी रेंज जाते, म्हणून लिहितेय. चौथी शिकलेली बाई हाय मी, अक्षराला हसू नको.

नेवीत त्या चपट्या बुडाच्या बोटीवर लागलास, तेव्हा पहिल्या सुट्टीत आयला अंगणात बसवून सगळं सांगितलं होतंस. तिचंच सूप हातात घेऊन दाखवलंस, बोट अशी सरळ वाळूवर चढते, पुढचं दार खाली पडतं नि शिपाई बंदुका घेऊन पाण्यात उतरतात. आयने विचारलं, नि तू रं? तू छाती फुगवून म्हणालास, मी नाय उतरत. किनाऱ्याच्या आधीच आमी मागं नांगर टाकून ठेवतो, माणसं उतरली की त्याचा दोर ओढून बोट मागं घ्यायची. आय आख्ख्या कोन गावाला सांगत फिरली, माझ्या पोराला गोळी लागायची नाय.

मी पण तेव्हा हसले. मंग बघत गेले. तू घरी यायचास ते परतीचं तिकीट काढूनच. आय मोरीत पडली, कमरेचं हाड मोडलं, तेव्हा करंजाड्याचा संसार टाकून मी कोनला येऊन राहिले. आठ महिने. तू तीन दिवस आलास, सफरचंदं आणलीस, दारातूनच तिच्याशी बोललास. वास येत होता ना. शेवटी ती मला ओळखेना, पण रोज विचारायची, बोट लागली का गं? मी सांगायची, लागली, झोप आता. ती गेली तेव्हा विमानाने आलास. अग्नी दिलास, रडलासही. तुझा शर्ट धुवायला घेतला तर खिशात तिकीट, पाचव्या दिवसाचं. दहाव्याला मी बसले. भटजी कुरकुरला, त्याला म्हटलं, तुम्ही मंत्र म्हणा, मुलाची बोट सुटली.

आता तुझा मेसेज. ताय, रिटायर झालो, कायमचा येतोय, आयची खोली साफ करून ठेव.

नाय करणार. हे सांगायलाच कागद घेतला. बाकी घर मी येऊन झाडते, त्या खोलीला तीन वर्षं कुलूप हाय. गादी, गोधड्या, पलंगाखालचं भांडं, सगळं तिने सोडलं तसं. तुझ्या वाटचं ठेवलंय. किल्ली पडवीत खिळ्याला. पहिलं ते दार उघड, गादी स्वतःच्या खांद्यावर बाहेर काढ, मंग मला हाक मार. जमलं नाय तर नांगर टाकलेला असेलच मागं, दोर ओढ नि जा.

तुझीच,
चंद्रावतीताय