अडुसष्ट ग्रॅम

४ ऑगस्ट
दोन पेपरांत तोच आकडा, तोच मूर्खपणा! लिमिटिंग रिअ‍ॅक्टंटचं साधं उदाहरण — नायट्रोजन दोन मोल, हायड्रोजन तीन. आधी कोण संपतं ते शोधा, मग अमोनिया किती ते काढा. एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन लागतात, म्हणजे हायड्रोजन संपणार. उत्तर चौतीस ग्रॅम. या दोघांनी तीनपेक्षा दोन लहान एवढंच बघून नायट्रोजन संपवून टाकला. आत घातलं दोन्ही मिळून बासष्ट ग्रॅम, बाहेर काढलं अडुसष्ट!

चुकणारे इतरही आहेत, पण ते आपापल्या परीनं चुकलेत. या दोघांतली चष्मेवाली पहिल्या बाकावर बसते, उंच्या शेवटच्या. कुठंतरी पाणी मुरतंय.

५ ऑगस्ट
दोघांना स्टाफरूममध्ये बोलावलं. "कॉपी केली?" "नाही, बाई." "मग असं शिकवलं कुणी?" नुसते एकमेकांकडे बघतात. चोराच्या मनात चांदणं.

आणखी एक — दोघांनीही संपणाऱ्या पदार्थाभोवती चौकोन काढलाय. मी वर्गात चौकोन काढत नाही.

६ ऑगस्ट
मुख्याध्यापक म्हणाले, "शुक्रवारी पालकांना बोलावू. कॉपी ठरली तर वर्षभर परीक्षेला बसता येणार नाही." होऊ दे.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते हसले. "पोरांवर एवढा संशय बरा नव्हे." मला रसायनशास्त्र यांनीच शिकवलं — घातलं त्यापेक्षा जास्त निघालं तर समज, हिशेबात लबाडी आहे! आणि अडुसष्ट ऐकून काहीच खटकलं नाही? ऑपरेशननंतर मी शिकवण्या बंद करायला लावल्या, तेव्हापासून फार मऊ झालेत.

८ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर दोघांच्या मागे गेले. हो, गेले! शिंप्याच्या दुकानापाशी वळले आणि थेट दादाच्या घरात शिरले, बाबा राहतात तिथंच. खिडकीतून बघते तर बाबा फळ्यापुढे, हाताला खडू.

वहिनीनं मला जिन्यातच गाठलं. "वन्सं, ओरडू नका हं. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनीच मुलांना बजावलंय. तेवढा वेळ तरी ते पहिल्यासारखे असतात."

काखेत कळसा नि गावाला वळसा! मला हसूच आलं. मग फळा नीट पाहिला. उदाहरण वेगळं होतं, पण चौकोन तसाच — नुसत्या लहान आकड्याभोवती. 'पहिल्यासारखे' म्हणजे काय, हे वहिनीला विचारायचं धाडस झालं नाही.

९ ऑगस्ट
मुख्याध्यापकांना सांगितलं, कॉपी नाही. दोघं एकाच ठिकाणी शिकतात. "कुठं?" "माझ्या माहेरी." पालकांना बोलावणं रद्द.

मुलांची माफी मागितली. चष्मेवाली म्हणाली, "आजोबांना रागावू नका, बाई."

१० ऑगस्ट
बाबांना तेच उदाहरण कागदावर लिहून दिलं. सावकाश, सुरेख अक्षरात सोडवलं. अडुसष्ट.

"बाबा, आत किती घातलं होतं?"

"बासष्ट." एकदा कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे — लहानपणी मी त्यांच्याकडे बघायचे तसं. "बरोबर आहे ना गं?"

मी बरोबरची खूण केली.