खुशाल भाऊजींचा रिपोर्ट

केशोरी

खुशाल भाऊजी,

मी नवी नवरी असताना चप्पल हातात घेऊन धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून डगमगत चालले होते. तुम्ही मागून ओरडलात, "काऊन वयनी, कान्व्हेंटात चालाले नाही शिकवत काय?" तुमचे दादा केवढे हसले होते! त्या हसण्यापायी मी तुमचं पुष्कळ सोसलं.

पण अंजूला पाहायला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही दारातच सांगितलंत, "दादा मोहाची घेऊन राहते. हात कसे कापतात, पाहा ना." माझ्या लेकीची सोयरीक मोडली. दादांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. तो कंपवात होता. दादा वारण्याआधी तपासणीत कळलं, की त्याचा धोका त्यांना जन्मापासूनच होता, एका जनुकातल्या दोषामुळे.

काल तुम्ही तुमचा इंग्रजी रिपोर्ट घेऊन आलात. "वयनी, तुम्हीच वाचून सांगा. माह्या पोरीले, डिंपलले, मालूम नाही पडलं पायजे, रविवारी तिले पाहाले पाहुणे येऊन राहिले." कागद धरलेला तुमचा हात कापत होता.

मी वाचला. दादांचा तोच दोष तुमच्यातही आहे. तुम्हाला म्हटलं, "सावकाश वाचते, राहू द्या माझ्याकडे."

हे पत्र मी स्वतः आणून देणार नाही, पाठवून देते आहे. ते तुमच्या हातात थरथरताना पाहिलं तर कीव येईल, आणि ती मला नको आहे.

रिपोर्ट अंजूकडे पाठवते आहे. "दादा पीत नव्हते, मी खोटं बोललो," असं तिच्यासमोर म्हणा, मग ती अर्थ सांगेल. डिंपलला रविवारी नेसायला माझी कोशाची रेशमी साडी देते. पाहुण्यांना माझ्याकडून एक शब्दही नाही. डिंपलमध्येही हा दोष असू शकतो, हे मात्र तिला तुमच्याच तोंडून कळायचं आहे.

तुमच्या दादांची,
शामकला