अब्बा श्वास ओढत नाहीत

आग्रा, १४ जानेवारी

प्यारे नाझिमभाई,

सलाम. सुरतेत तू आणि भाभी खुशाल असाल. इथे थंडी कडाक्याची आहे. अम्मी बरी आहे. गाजराचा हलवा करून आणते, खाणारं कुणी नसतं, मग नर्सना वाटते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

हो, नर्सनाच. अब्बा भाजलेत. भट्टीतलं मडकं फुटलं, वितळलेली काच छातीवर आणि उजव्या हातावर आली. धूरही आत गेला.

डॉक्टर म्हणतात, जखमा भरतील, पण पडून पडून फुप्फुसं खालून मिटत चाललीत. हवा पुरली नाही तर किडन्या आणि हृदयही थकतील. म्हणून व्यायाम करून घ्यायला रजनीबाई येतात. त्यांनी तीन गोळ्यांची प्लास्टिकची डबी दिली. तिच्या नळीतून हवा आत ओढली की गोळ्या वर चढतात आणि फुप्फुसं उघडतात. अब्बांनी नळी तोंडात धरली आणि फुंकली!

"चाचा, फुंकायचं नाही, ओढायचं."

"बेटी, आम्ही शीशगर, काच फुंकणारे. फुंकणीतून जो ओढतो, तो छातीत आग घेतो."

"ही फुंकणी नाही हो, खेळणं आहे."

"मग पोरांना दे."

हट्ट काही सुटेना. लघवी कमी झाली, ओठ निळे पडायला लागले. काल माझं डोकंच फिरलं. "बघा, काही होत नाही," म्हणत मी त्यांच्यासमोर नळी तोंडात घातली आणि जोरात ओढली.

भाईजान, माझा अजून विश्वास बसत नाही. जो हात रजनीबाईंना बोटभर हलवता येत नव्हता, तो पट्ट्यांसकट उठला आणि माझ्या गालावर बसला. अब्बांनी केवढा तरी श्वास घेतला आणि ओरडले, "थूक! थूक आधी!" मग खोकल्याची उबळ आली, काळा कफ पडला. रजनीबाई म्हणाल्या, "याचीच तर वाट बघत होते मी!" त्यांच्या पट्टीचं रक्त माझ्या गालाला लागलं होतं.

तुलाही भट्टीवर अशीच बसली होती, मित्रांसमोर गंमत म्हणून फुंकणी ओढायला गेलास तेव्हा. चारचौघांत मारलं म्हणून तू घर सोडलंस. तोंड फिरवून निघालास, त्यांचा चेहरा तू पाहिलाच नाहीस. मी काल पाहिला. राग नव्हता रे त्यात. इतका भ्यालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

आज त्यांना मला मारल्याची एवढी शरम वाटतेय की माझ्याकडे बघतही नाहीत. मी नळी उचलली की डोळे मिटून घेतात. श्वास पुन्हा वरवरचा झालाय. डॉक्टरांनी दुपारी मला बाहेर बोलावलं होतं. काय म्हणाले ते लिहीत नाही.

तू ये. माफी मागू नकोस, पाया पडू नकोस. दारात उभा राहून भांड. तुला बघून ते नक्की ओरडतील, आणि ओरडायला आधी श्वास घ्यावा लागतो.

गाल अजून सुजलेली तुझी बहीण,
जुबैदा