तळघरातली ओल

१४ मार्च

प्रिय ताई,
साष्टांग नमस्कार. तुझी तिन्ही पत्रं मिळाली, शिव्याही पोचल्या. छकुलीचा दात पडला हे वाचून हसलो. लढाई थांबून महिना झाला. पाणी रोज येतं, बेकरी उघडली, काचवाल्याला मात्र मरायला फुरसत नाही.

परवा संग्रहालयाचं तळघर उघडलं. साडेचारशे हस्तलिखितं, एकालाही बुरशी नाही! साहेबांनी पाठ थोपटली. रविवारी माझा सत्कार आहे म्हणे. तुला ये म्हणणार होतो. नको येऊस.

तिन्ही पत्रांत तू एकच विचारतेस, मास्तर शेवटी कुठे होते? तुझे सासरे असले तरी माझे ते मास्तरच. जुनी लिपी त्यांनीच कान पिळून शिकवली. गाव सोडून जाताना तू म्हणालीस, "त्यांच्याकडे बघ रे." आणि मी तुला लिहिलं, घरीच होते, कळलंही नसेल त्यांना. ते खोटं आहे.

विमानहल्ल्याचा भोंगा झाला तेव्हा गल्लीतले नऊ जण तळघराच्या दाराशी आले. मास्तर पुढे. मी आतून कडी घातली होती. माणसांच्या श्वासाने ओल धरते, ओल मोजणारा काटा साठच्या वर गेला की कागद गेला, हा नियम मीच भिंतीवर लावलेला. "मास्तर, आत पेट्याच पेट्या आहेत, जागा नाही!" मी ओरडलो.

कुणीतरी मला शिवी हासडली. मास्तर म्हणाले, "अरे, त्याला त्याचं काम करू द्या. पानं कोरडी राहायला हवीत." मग खोकले. "चला, पुलाखाली जाऊ."

पुलापर्यंत दोघंच पोचले. मास्तर त्यांत नव्हते.

लोक म्हणतात, बरोबर केलंस, ही पानं पुन्हा कोण लिहिणार होतं? म्हणतात आणि चहा पितात. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण काल नोंदवही चाळली. माझंच अक्षर : अकरा दिवस, काटा पंचावन्न. ते अकरा दिवस मी तिथेच झोपलो, जेवलो, रडलोही. माझ्या श्वासाला ओल नव्हती का गं? तो भोंगा वीस मिनिटांचा होता. नऊ माणसांनी काटा फार तर दोन घरं चढला असता.

माझ्या खाटेपाशी नऊ जण मांडी घालून बसले असते.

जागा होती, ताई.

तुझा भाऊ,
म्हणशील तर